शेवटचा आकडा मागे घेणारा डॉन पेर्फेक्तो

डॉन पेर्फेक्तो इन्स्फ्रानला आख्खं हॉस्पिटल 'रिव्हर्स गिअर' म्हणायचं. नाव मी ठेवलेलं. सव्वीस वर्षं नोंदणीच्या खिडकीवर बसते मी, समोर माणूस आला की त्याचं नाव मला आपोआप सुचतं, त्याला मी तरी काय करू? गावाचं नाव मात्र विचारू नका. पॅराग्वेत, विल्यारिकाच्या रस्त्यावर आहे एवढं पुरे. इथे सगळे एकमेकांचे नातेवाईक आहेत आणि मला अजून चार वर्षं नोकरी करायची आहे.

तर हा पेर्फेक्तो. नावाचा अर्थ 'परिपूर्ण'. आईबापांनी पोर न बघताच ठेवलं असणार. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक कायम वाळलेलं. हा माणूस जन्मात पुढे म्हणून गेला नाही, आणि गेलाच तर परत आला. विशीत ब्वेनोस आयरेसला गेला, आमच्याकडची निम्मी पोरं जातात तसा. लोक तिकडे संसार थाटतात. हा अकराव्या दिवशी स्टँडवर हजर! का, तर तिकडे जेवणाबरोबर उकडलेला मांदिओका, आमचा रोजचा कंद, मिळत नाही. विल्फ्रीदा मास्तरीणबाईंच्या बोटात ईस्टरला अंगठी घातली आणि जूनमधल्या सान हुआनच्या जत्रेच्या आत परत मागून घेतली. म्हणे, "आधीचंच बरं होतं." सुटली बिचारी, आता तिला तीन नातवंडं आहेत. मोटरसायकल विकून गाडी घेतली, महिन्याभरात गाडी विकून तीच मोटरसायकल त्याच माणसाकडून परत आणली, तीही आरसा फुटलेली.

अशा माणसाला देवाने बरोबर जागी नेऊन बसवलं: हॉस्पिटलच्या डेटाबेसवर.

कोण कधी आलं, कुणाचं डायलिसिस किती वाजता, कुणाला कुठली गोळी, आमचं सगळं एका मशीनमध्ये असतं. त्यात जो डेटाबेस सर्व्हर चालतो त्याच्या आवृत्तीला आकडा असतो. आधी मोठा आकडा, मग टिंब, मग बारका आकडा. मोठा आकडा बदलणं म्हणजे ऑपरेशन. बारका बदलणं म्हणजे नुसती पट्टी बदलणं. बनवणारे कुठे बारीकसारीक भोकं बुजवतात, दोन-तीन महिन्यांनी पाठवतात, आणि शहाणी माणसं मुकाट्याने लावून घेतात. हे मला कुणी शिकवलं? त्यानेच, माझं डोकं खाऊन खाऊन. आणि स्वतः काय करायचा? राजधानीतून हुकूम आला की सुतकी चेहऱ्याने अपग्रेड लावायचा आणि कान टवकारून बसायचा. कुठे खुट्ट झालं की रोलबॅक, म्हणजे पुन्हा जुनीच आवृत्ती! लिफ्ट अडकली, रोलबॅक. एक्स-रेवाल्याचा संगणक रुसला, जो त्या मशीनला जोडलेलासुद्धा नव्हता, तरी रोलबॅक. अपग्रेड म्हणजे त्याच्या लेखी रोलबॅकची पूर्वतयारी होती.

त्याच्याकडे बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात आजवरच्या सगळ्या जुन्या आवृत्त्या पेनड्राइव्हवर भरून ठेवलेल्या, प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर तारीख आणि शेरा: 'चांगली', 'फार चांगली', 'हिच्यावर विसंबावे'. बायका प्रेमपत्रंसुद्धा इतकी जपत नाहीत. रोलबॅक ठरला की डबा काखेत मारून मशीनच्या खोलीत जायचा, सर्व्हर थांबवायचा, नवी आवृत्ती काढायची, जुनी बसवायची, पुन्हा चालू करायचं. वीस मिनिटं. नोंदी जागच्या जागी, फक्त सर्व्हरचा शेवटचा आकडा उतरलेला. बाहेर येताना चेहरा असा, की आत जुळी मुलं जन्माला घालून आलाय.

"न्या नीमिया," मला म्हणायचा (न्या म्हणजे आमच्याकडचं बाई), "ज्याला मागे येता येतं, त्याला कशाचीच भीती नसते."

"ज्याला पुढे जायचंच नसतं त्याला तरी कसली भीती, डॉन पेर्फेक्तो?" मी म्हणायचे, आणि रांगेतले लोक फिदीफिदी हसायचे.

त्याच्या या खोडीमागे एक कथा होती, ती त्याने मला चाळीस वेळा ऐकवली असेल. फार वर्षांपूर्वी मोठा आकडा बदलताना तीन दिवसांच्या नोंदी गेल्या, आणि मागे जायला जुनी आवृत्ती कुणी ठेवलीच नव्हती. मग हा खाटेखाटेपाशी वही घेऊन फिरला, एकेकाला विचारून सगळं पुन्हा लिहून काढलं. सहा नंबरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला काहीच सांगता येत नव्हतं. इथवर आला की हा खिशातलं वाळलेलं पेन काढून त्याकडे बघत बसायचा. मी म्हणायचे, "आवरा हो, बर्फ वितळतोय."

कारण हे सगळं माझ्या खिडकीत तेरेरे पिताना चालायचं. सकाळी नऊ वाजता आमच्याकडे कुणी मेलं तरी तेरेरे थांबत नाही. थर्मासात बर्फाचं पाणी, शिंगाच्या पेल्यात, म्हणजे ग्वाम्प्यात, हिरवी पूड, त्यात एक नळी. ओतणारी मी, आणि एकच ग्वाम्पा हातोहात फिरतो. डॉक्टरीणबाई पितात, झाडूवाली पिते, गाडीचा ड्रायव्हर पितो, त्याच नळीने. एक रीत मात्र पक्की: ग्वाम्पा परत देताना आभार मानायचे नाहीत. 'आभारी आहे' म्हणालात की झालं, तुम्ही उठलात, पुढचा ग्वाम्पा तुम्हाला येत नाही. आम्ही आईलासुद्धा तेरेरेच्या वेळी आभार म्हणत नाही.

या घोळक्यात न पिणारी एकच होती, सेफेरीना. चाळिशीची, शिवणकाम करायची, दोन्ही किडन्या गेलेल्या. सोमवार-बुधवार-शुक्रवार डायलिसिसला यायची. दिवसाला मोजून तीन पेले पाणी, त्यातच सूप आलं, फळ आलं. बाहेर चाळीस डिग्री ऊन आणि ही माझ्या खिडकीपाशी उभी राहून ग्वाम्पा फिरताना बघायची. मला तोंड फिरवावंसं वाटायचं. मग नर्सला विचारून मी तिला थर्मासातला बर्फाचा एक खडा चमच्यात द्यायला लागले. ती तो गालात धरायची आणि डोळे मिटायची.

"किडनी बसली ना, न्या नीमिया," म्हणायची, "की पहिला तेरेरे तुमच्या हातचा. भरलेला. वरपर्यंत."

"वरपर्यंत काय, बादलीने देते! पण ये आधी."

आणि ते खरं होण्यातलं होतं. तिचा भाऊ रुमिल्दो ब्वेनोस आयरेसला गवंडी, तो किडनी द्यायला तयार झाला. दोघांचं रक्त जुळतं का ते राजधानीतल्या प्रयोगशाळेत बघायचं होतं. आमच्या हॉस्पिटलचे नमुने तिथे तीन महिन्यांतून एकदाच घेतात. नेमून दिलेल्या दिवशी, सीलबंद पेटीत, दहाच्या आत. म्हणजे गाडी आमच्याकडून साडेसातला सुटायला हवी, आणि रक्त सातला द्यायला हवं, दोघांनी एकत्र. तारीख मिळाली सोमवार, चोवीस मार्च. रुमिल्दोच्या मुकादमाने तीन दिवस सुट्टी दिली आणि सांगितलं, पुन्हा मागितलीस तर थापी तिकडेच ठेव. तर सगळं त्या सोमवारच्या सात वाजण्यावर आलं होतं.

आता फेब्रुवारीकडे येते. बारक्या आकड्याचं अपग्रेड आलं. डॉक्टर एल्वा, आमच्या संचालिका, म्हणाल्या, "पेर्फेक्तो, या वेळी कुरकुर नको. राजधानीचा हुकूम आहे, लावा." त्याने गुरुवारी सकाळी लावलं.

त्याच आठवड्यात माझ्या वाढदिवसाला पोरांनी नवा थर्मास दिला होता. तीन लिटरचा, कातडी मढवलेला, त्यावर माझं नाव कोरलेलं. टेबलावर मावेना, पण प्रिंटरच्या मागच्या कोपऱ्यात बरोबर बसला. गुरुवारी मी पहिल्यांदा तो आणला.

आणि गुरुवारीच माझ्या चिठ्ठ्या अर्ध्या छापून यायला लागल्या! पेशंटचं नाव येतंय तर वेळ नाही. पुन्हा छापावं तर नीट, पुढची पुन्हा अर्धी. रांग दारापर्यंत गेली. माझं डोकं फिरलं. मी उठून बोळातूनच ओरडले, "डॉन पेर्फेक्तो! काय घातलंत त्या मशीनमध्ये? कालपर्यंत नीट चालत होतं की!"

आयुष्यभर ज्याच्यावर हसले त्याच्या मुखातलं वाक्य माझ्या तोंडून आलं, आणि मला त्याचं काहीसुद्धा वाटलं नाही. तो धावत आला. चेहरा नुसता फुललेला.

"काय म्हणालात, न्या नीमिया? पुन्हा म्हणा."

"कालपर्यंत नीट चालत होतं म्हणाले. बहिरे झालात का?"

"नाही, नाही. डॉक्टरीणबाईंना ऐकू जाऊ दे म्हणून."

डॉक्टरीणबाईंना ऐकू गेलंच. त्यांनी हात टेकले. म्हणाल्या, "करा बाबा काय करायचं ते, पण रांग हलवा." डबा काखेत, वीस मिनिटं, शेवटचा आकडा खाली. मग महाराज माझ्या खिडकीत विजयोत्सवाला आले. कोपऱ्यातला थर्मास उचलून खिडकीशी ठेवला, ऐसपैस बसले, म्हणाले, "छापा आता." छापली. अख्खी आली. दुसरीही अख्खी. मी त्याला पहिला ग्वाम्पा दिला आणि वर म्हणाले, "कधीकधी तुमचं बरोबर असतं हं." सव्वीस वर्षांत मी त्याला म्हटलेलं हे एकच गोड वाक्य. थर्मास तेव्हापासून खिडकीशीच राहिला.

मार्चच्या सुरुवातीला सेफेरीनाची वेळ मी स्वतः मशीनमध्ये घातली. चोवीस तारीख, सात वाजता. चिठ्ठी छापून तिच्या हातात दिली. तिने ती घडी घालून चोळीत ठेवली.

तेवीसला रविवार होता. आमच्याकडे दर वर्षी मार्चच्या चौथ्या रविवारी घड्याळ तासभर मागे घ्यायची पद्धत होती. यंदा नाही. ऑक्टोबरात सरकारने कायदा करून ते बंद केलं. वर्षानुवर्षं त्यावर भांडलो आम्ही, शेवटी सुटलो. तरी लोक ते लोकच, त्या रविवारी चर्चच्या पायरीवर वाद चालूच: मागे घ्यायचं की नाही? माझ्या नवऱ्याने घेतलं. मी पुढे केलं. त्याने पुन्हा घेतलं. मी घड्याळ उचलून कपाटात ठेवलं.

सोमवारी पावणेसातला मी खिडकीत. रक्त घेणारी नर्स तयार, पेटी तयार, ड्रायव्हर गाडीला टेकून उभा. सात वाजले. सव्वासात. मी सेफेरीनाला फोन लावला, लागेना. त्या रस्त्याला टेकडीमागे फोन लागतच नाही. ड्रायव्हरला म्हटलं, "थांब रे पाच मिनिटं." तो दहा थांबला, बरं का. बिचाऱ्याने शिव्या खाण्याची तयारी ठेवून दहा मिनिटं वाट बघितली. मग पेटीला सील लागलं आणि गाडी गेली.

पावणेआठची बस आली. सेफेरीना उतरली, निळा ठेवणीतला झगा, केस विंचरलेले. मागे रुमिल्दो, हात नुसते सिमेंटने खाल्लेले. दोघं हसत हसत खिडकीशी आले.

"लवकरच आलो की आम्ही," ती म्हणाली. "पंधरा मिनिटं आहेत अजून."

"कसली पंधरा मिनिटं गं? सात म्हटलं होतं ना! चिठ्ठी दिली होती ना तुला!"

तिने फोन काढून दाखवला. आदल्या संध्याकाळी निरोप आलेला, आमच्याच हॉस्पिटलच्या नावाने: आपली वेळ सोमवार, सकाळी आठ.

"मला वाटलं तुम्ही बदलली," ती म्हणाली. "शेजारीण पण म्हणाली, घड्याळाचं काहीतरी असेल. रुमिल्दो वीस तास बसमध्ये बसून आला होता. म्हटलं, झोपू दे तासभर. म्हणून पहिली बस सोडली." मग तिने माझ्या खांद्यावरून आत बघितलं. "पेटी कुठाय?"

कोण सांगणार? मी सांगितलं. तिने दोन्ही हातांनी खिडकीची कड धरली. रुमिल्दोला आधी कळलंच नाही, तो म्हणत राहिला, "मग घ्या की आता. हा काय हात. घ्या." डॉक्टर एल्वा बाहेर आल्या, त्यांनी राजधानीला फोनावर फोन केले. तिथे पेटीशिवाय रक्ताच्या सुट्या नळ्या घेत नाहीत. आता जूनमध्ये. रुमिल्दो म्हणाला, "जूनमध्ये मला कोण सोडतंय?" आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

तेवढ्यात डॉन पेर्फेक्तो आला. मी तर वाटच बघत होते कुणावर तरी तुटून पडायची. "हे बघा! हे बघा तुमच्या मशीनचे प्रताप! इकडे सात, फोनवर आठ!" तो वरमून म्हणाला, निरोपाचं मशीन आपलं नाही, राजधानीतलं आहे, आपलं फक्त वेळ पाठवतं. डॉक्टरीणबाईंनी तिथेच, सगळ्यांसमोर, राजधानीतल्या तंत्रज्ञ बाईला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"तुमची कुठली आवृत्ती आहे?" पलीकडून तरुण आवाज.

याने आकडा सांगितला.

"ती का? त्याच्या पुढचीत नवा घड्याळाचा कायदा आहे ना! डेटाबेस वेळ आतमध्ये जगाच्या घड्याळाने ठेवतो, त्या त्या देशाच्या कायद्याने बदलून. तुमच्या जुन्या आवृत्तीला वाटतंय पॅराग्वेने काल घड्याळ मागे घेतलं. तुम्ही सात घातले, तिने जुन्या कायद्याने लिहून ठेवले. आमचं मशीन नव्या कायद्याने वाचतं, त्याला ते आठ दिसतात. अपग्रेड आलं नव्हतं का तुमच्याकडे?"

"आलं होतं," डॉन पेर्फेक्तो म्हणाला. "मी मागे घेतलं."

"का? त्याच्या माहितीपत्रकात एक ओळ आहे हो. सरळ आपल्या देशाचं नाव आहे. वाचलं नाहीत?"

नव्हतं वाचलं. हा गृहस्थ माहितीपत्रकं कधी वाचायचाच नाही, फक्त आकडा बघायचा. जगाच्या नकाशावर आम्हाला कुणी शोधत नाही. कुठल्या तरी दूरच्या माणसांनी बसून आमच्यासाठी, आमचं नाव घालून, एक ओळ लिहिली होती. आणि याने ती डब्यातला पेनड्राइव्ह काढून पुसून टाकली! मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. भेकड म्हणाले. गावाला मागे ओढणारा बैल म्हणाले. म्हटलं, "ज्याला मागे येता येतं त्याला भीती नसते म्हणे! आणा आता साडेसात मागे! आणा! कुठल्या डब्यात आहेत बघा!"

सेफेरीनाच म्हणाली, "जाऊ द्या, न्या नीमिया," आणि आत डायलिसिसच्या खुर्चीत जाऊन बसली. ठेवणीतल्या झग्याची बाही तिने स्वतःच वर केली.

मंगळवारी अपग्रेड पुन्हा लावायचं होतं. डॉक्टरीणबाईंनी डॉन पेर्फेक्तोला सांगितलं, नीमियाच्या खिडकीतल्या संगणकावरूनच लावा, तिच्या डोळ्यांदेखत. तो खिडकीशी बसला. रात्रभर झोपला नव्हता हे दिसत होतं, शर्टाला इस्त्री नव्हती. त्याला जागा हवी म्हणून मी थर्मास उचलला आणि परत जुन्या कोपऱ्यात ठेवला, प्रिंटरच्या मागे.

अपग्रेड लागलं. मी रांग चालू केली. ग्वाम्पा भरायला थर्मास कलता केला, आणि चिठ्ठी अर्धी आली.

मी दुसरी छापली. थर्मास टेकवला. अर्धी.

डॉन पेर्फेक्तोचा चेहरा पांढराफटक पडला. "बघा," तो पुटपुटला. "बघा, पुन्हा. मी सांगत होतो. काहीतरी आहे तिच्यात." त्याचा हात पायाशी ठेवलेल्या डब्याकडे गेला. "मागे घेऊ का? तुम्ही म्हणाल तर घेतो."

आणि मी प्रिंटरच्या मागे बघितलं. तीन लिटरचा थर्मास, कातड्यावर माझं नाव, आणि त्याच्या बुडाखाली प्रिंटरची केबल दाबली गेलेली, टोक भोकातून अर्धं बाहेर. मी थर्मास उचलला की केबल सैल, टेकवला की ओढलेली. मी हात लावून बघितलं. पुन्हा बघितलं. देवाशपथ सांगते, क्षणभर मला वाटलं, गप्प बसावं. घेऊ दे त्याला मागे. कुणाला कळतंय? सगळे त्यालाच हसतील, सव्वीस वर्षं हसतायत तसे. रांगेत पहिली एक बाळंतीण उभी होती, बाळाला छातीशी धरून, लसीची तारीख घ्यायला. तिने विचारलं, "किती वाजता येऊ?"

मी केबल आत दाबली. चिठ्ठी छापली. अख्खी आली.

डॉन पेर्फेक्तोने केबलकडे बघितलं, थर्मासाकडे बघितलं. मला वाटलं आता हा बोलणार, आणि बोलावंच त्याने, माझ्यासारखंच बोळभर ओरडावं. मी तयार होते. तो नुसता म्हणाला, "आधी केबल बघायची असते. नवशिकासुद्धा आधी केबल बघतो. मी तेव्हा आलो तेव्हा बघायला हवी होती." आणि डबा बंद केला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी ड्रायव्हरने येऊन सांगितलं की डॉन पेर्फेक्तो स्टँडवर आहे, हातात पिशवी. रुमिल्दोच्या बसने ब्वेनोस आयरेसला निघालाय, मुकादमाला भेटायला. म्हणतोय, चूक माझी आहे, जूनची सुट्टी मी मागतो. सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "मांदिओका बांधून घेतलाय का? अकराव्या दिवशी येईल बघा परत!" सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, पुढचं वाक्य माझं असतं म्हणून. मी थर्मास काखेत मारला आणि खिडकी बंद केली.

बुधवारी सेफेरीना आली. ती खुर्चीत बसल्यावर मी चमच्यात बर्फाचा खडा घेऊन आत गेले, नेहमीसारखी. खडा देण्याआधी सांगून टाकलं. थर्मास, केबल, फेब्रुवारीतला गुरुवार, बोळात मीच कशी ओरडले, सगळं. सांगताना मला रडू आलं, पण मी रडले नाही, कारण रडण्याचा हक्क त्या खोलीत माझा नव्हता. मशीनच्या नळ्यांमधून तिचं रक्त फिरत होतं, ती त्याकडे बघत होती.

"डॉन पेर्फेक्तोला माहीत आहे हे?" तिने शेवटी विचारलं.

"माहीत आहे."

"तरी तो गेला?"

"तरी गेला."

तिने मान हलवली. मी चमचा पुढे केला. खडा कडेने वितळायला लागला होता. तिने त्याच्याकडे बघितलं, ओठ कोरडे पडलेले दिसत होते तिचे, आणि मग माझ्याकडे बघून अगदी हळू, काही राग न धरता म्हणाली, "आभारी आहे, न्या नीमिया."

माझ्या हातचा पहिला तेरेरे तिने अजून घेतलाही नव्हता.